हसले रे दिगंबर, अर्धापूरचे केळीवाले!

प्रिय दिगंबर,

न सांगता गेलास म्हणून तीन महिने मनातल्या मनात तुझ्याशी भांडत होतो. आज मात्र लिहिल्याशिवाय राहवेना. अरे, हसले ना! तुझ्या शेवटच्या कादंबरीला केळीवाले हसले!

गेल्या आठवड्यात वहिनींनी हस्तलिखित माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "भावजी, लातूरहून प्रकाशकाचा फोन येऊन राहिलाय. पण ह्यांनी हे अर्धापूरला वाचलंच न्हाई. तसंच कसं देऊ?"

खरंच होतं त्यांचं. हदगावच्या शाळेत माझ्या बाकावर बसून मास्तरांच्या नकला करायचास, तेव्हापासून तुला समोर हसणारं माणूस लागायचं. नांदेडला तहसिलीत कारकुनी करत अकरा कादंबऱ्या लिहिल्यास. लातूरच्या सभागृहात लोक पोट धरून हसायचे. तरी छापण्याआधी प्रत्येक पुस्तक अर्धापूरला केळीचे ट्रक भरणाऱ्यांपुढं, त्यांच्या चहाच्या वेळेला वाचायचास. ज्या पानावर कुणी हसलं नाही, ते तिथंच फाडायचास! समीक्षकांना हे कधी सांगितलं का नाहीस?

मग मीच गेलो. तुझ्याबरोबर येणारा हा निवृत्त मास्तर तिथं सगळ्यांना ठाऊक होताच. घड बाजूला सारून बसलो, आणि पहिल्याच पानावर कोण? सगळ्या गावाला चालीत कविता ऐकवणारे, म्हशीलासुद्धा वृत्त समजावणारे एक गुरुजी! दिग्या, तुला दुसरं कुणी सापडलं नाही?

मी अडखळलो. टोळीचा मुकादम शेषराव म्हणाला, "वाचा की गुर्जी, थांबले काय?"

"अरे, हा माणूस मी आहे."

"हाव, वळखलं आमी. म्हणून तर लई मजा येऊन राहिली!"

म्हैस मान डोलावते तिथं तर शेषराव वाळल्या पानांवर आडवाच झाला. मलाही चष्मा काढून डोळे पुसावे लागले. चार दिवस हेच चाललं. ट्रकवाले हॉर्न वाजवून थकले!

काल शेवटचं पान आलं. त्यात तू लिहिलंयस, या गुरुजींनी बाकावर बसून कविता म्हटल्या नसत्या, तर माझा कान तयार झाला नसता, मी लिहिताच झालो नसतो. साठ वर्षांत हे तोंडावर एकदा तरी म्हणायचं होतंस रे! वर पाहिलं, तर चहाचे कप सगळ्यांच्या हातात तसेच.

"हसू आलं का कुणाला?" मी विचारलं.

"न्हाई," शेषराव म्हणाला. "पण चांगलं हाय गुर्जी. ऱ्हाऊ द्या."

मला ते पान हवं होतं, दिगंबर. फार हवं होतं. छापून आलं असतं, नातवंडांना दाखवलं असतं. पण माझ्यासाठी तू तुझा नियम मोडला असतास का? शाळेत पाठ करायचो तसं ते तीनदा पुटपुटलो, आणि फाडलं. शेषरावानं चहाचा कप पुढं केला.

उद्या बाकीची कादंबरी लातूरला पोचवतो. प्रकाशनाला गुरुजींचा भाग मीच वाचीन, अगदी चालीत! लोकांना हसू दे माझ्यावर. ते एक पान मात्र मला तोंडपाठ आहे. पाठ असलेलं कुणाला ऐकवल्याशिवाय मला चैन पडत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? तरी वचन देतो, हे कुणापुढं म्हणणार नाही. वहिनींपुढंसुद्धा नाही.

तुझाच,
वसंता