काचपेटीचं कव्हर

तीर्थरूप दादांना धाकट्याचा साष्टांग नमस्कार.

आपला गुडघा कसा आहे? (सविस्तर कळवायची गरज नाही, मागच्या पत्रात तीन पानं गुडघाच होता.) इकडे सगळे मजेत. माझी मान तेवढी ताठ आहे, पण ती दुखण्याने नव्हे, अभिमानाने.

तुमची पुतणी शास्त्राची मास्तरीण झाली आणि लगेच आठवडाभर प्रशिक्षणाला गेली. जाताना वर्गात दाखवायची काचपेटी माझ्या हवाली केली. पेटीत तळ्याचं पाणी, हिरवंगार शेवाळ, ते खाणारे टाचणीच्या डोक्याएवढे किडे आणि त्या किड्यांवर जगणारे तीन मासे. "बाबा, खिडकीत राहू द्या, बाकी काही करू नका," म्हणाली. आता तीस वर्षं सोफ्यांची कव्हरं शिवणाऱ्या माणसाला हे कसं जमावं? आपल्या घराण्यात कुठलीही वस्तू उघडी राहिलेली नाही. (आमच्या रिमोटलासुद्धा अंगरखा आहे.) मी जाड काळं कापड काढलं, दुहेरी शिवण घातली, खाली इलॅस्टिक ओवलं. उजेडाची तिरीपसुद्धा आत जाईना, इतकं फिटिंग बसलं!

चौथ्या दिवशी मला शास्त्रीय शंका आली म्हणून कव्हर काढलं. पाहतो तर शेवाळ पिवळं पडलेलं, किडे जेमतेम चारदोन, आणि मासे वर येऊन आ वासताहेत. मुलीने विश्वासाने दिलेली एकच गोष्ट, आणि तीही मी घालवणार? तिची वही उघडली. दादा, काय लिहिलंय! म्हणे सगळ्यांची ताकद मुळात उन्हाची. शेवाळ तिचं अन्न करतं, ते किड्यांच्या पोटात जातं, किडे माशांच्या. आणि दर पायरीला शंभरातले साधारण दहाच भाग पुढे सरकतात, बाकीचे जगण्याहलण्यात खर्च होऊन ऊब म्हणून निघून जातात. शंभर मीटर कापड घ्यावं, नव्वद मीटर कात्रणात जावं, तसं. (असा कारागीर मी दुसऱ्या दिवशी काढून टाकला असता.) म्हणून तर शेवाळ भरपूर आणि मासे तीनच. मी मात्र सगळ्यांचा शिधाच बंद केला होता. पेटी उन्हात ठेवली, आता काचेवर पुन्हा हिरवी झाक आली आहे. हे सारं माझ्या मुलीने स्वतःच्या हाताने लिहिलंय, हे चार लोकांत सांगा.

आपला आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. शास्त्रीय शंका मला आली नव्हती. तुमच्या भावजयीने कव्हर धुवायला काढलं होतं.

ता. क. मासे आता दोन आहेत. तुमच्या शेतातल्या पंपहाउसजवळच्या तळ्यातला एक, करंगळीएवढा, शनिवारच्या आत पाठवावा. कुणाला बोलू नये.

ता. क. पत्र टाकायचं राहिलं आणि मुलगी आली. दारातूनच तिने मासे मोजले. मी सगळं कबूल केलं. ती म्हणाली, "बाबा, हे वर्गात तुम्हीच सांगा. माझ्यापेक्षा तुमचं पोरांना पटेल." सोमवारी चाळीस पोरांपुढे उभं राहायचंय, म्हणून आत्तापासून आरशाचं कव्हर काढून त्याच्यापुढे तालीम करतोय. मासा नको. तुम्हीच या, आणि मागच्या बाकावर बसा.