सर्व्हरच्या पाठीवरचा झेंडू

१८ सप्टें.
जेवण झाल्यावर चूळ भरता भरता डॉक्टर सर म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून सगळे स्कॅन क्लाउडवर." तिथंच माझं सगळं फिरलं.
पौडच्या या सेंटरवर सीटी स्कॅन काढते स्वाती. ते फोटो मागच्या खोलीतल्या सर्व्हरवर सांभाळतो मी. क्लाउडवर गेले की बावधनच्या शाखेत बसूनही दिसणार. म्हणून इथं मशीन चालवायला कुणी नवशिका, फोटो तिथनं तपासायला स्वाती बावधनला, सर्व्हर भंगारात.
सेंटरला एसी दोनच. एक सीटीला, एक माझ्या सर्व्हरला. म्हणून स्वा. डबा खायला माझ्याकडे येते. आली की ओरडते, "दार लाव रे, थंडी जाते!" पुढच्या महिन्यापासून कोण... हॅट.

२२ सप्टें.
भुकूमला जेसीबीनं केबल तोडली. दिवसभर नेट नाही. आमचं काम चालू, कारण फोटो घरातच! सरांना म्हटलं, "बघा. क्लाउडवर असते तर आज पेशंट ताटकळले असते."
"दुसरी लाईन घेऊ. आणि ही खोली जळाली तर फोटो कुठून आणशील, खिशातून?"
आवाज चढला माझा. मग तेही चढले, "इंजिनिअरिंग अर्धं सोडलेल्यानं मला शिकवू नये." पेशंटांसमोर!!
वर ट्रायल म्हणून रोजच्या स्कॅनची एक कॉपी क्लाउडवर पाठवायचं कामही माझ्याच गळ्यात.

२६ सप्टें.
स्वा.ला विचारलंच, बावधनला जायचंय का तुला?
"भुकूमहून जवळ पडेल ना रे. इकडं बसला रोज उभं राहून यायचं." भाजी संपवली, डबा धुवायला गेली. बास, एवढंच.
डोकं फिरलं. क्लाउडची कॉपी बंद करून टाकली. विचारलं तर सांगीन, नेट स्लो होतं.

१ ऑक्टो., खंडेनवमी
जागामालक तात्या शेतातला झेंडू घेऊन हजर. "मशिनीला हार न्हाई घातला तर वरीसभर रुसती." सीटीला त्यांनी घातला, सर्व्हरला स्वा.नं. पुढं बटणं, म्हणून मागच्या बाजूला. नेमका गरम हवा बाहेर पडते तिथं. मला कळत होतं. पण हळदकुंकू लावून, डोळे मिटून उभी होती ती. म्हटलं निघताना काढू. निघताना म्हणाली, "नाक्यापर्यंत सोड ना." गाडीची किल्ली घेऊन पळालोच.

३ ऑक्टो.
दसऱ्याची सुट्टी संपवून खोली उघडली तर भट्टी. शिजल्यासारखा झेंडूचा वास. सर्व्हर मेलेला. बॅकअपची डिस्क त्याच्याच डोक्यावर ठेवलेली, तीही गेली. एसी तात्यांनी बंद केलेला. "रिकाम्या खोलीला गारवा कुनाला पायजे?"
तेवढ्यात एक मेंढपाळ मामा आले, मामींनी धरून आणलेले. दसऱ्याआधी दोन दिवस पडले होते, डोक्याचा स्कॅन इथंच झालेला. आता दुखणं वाढलंय. सर म्हणाले, "जुना लाव, रक्त वाढलंय का बघू."
सर्व्हरवर नाही. क्लाउडवर नाही.
मामींनी पिशवीतून फिल्म काढली, घड्या घातलेली. पाहिजे तिथंच तडकलेली. "आमाला वाटलं, तुमच्यापाशी असतंय की." ओरडल्या नाहीत. ओरडायला हवं होतं.
नवा स्कॅन करून सरांनी मामांना पुण्याला पाठवलं. ताडून बघायला काही नाही.

४ ऑक्टो.
मामांचा निरोप नाही. सर्व्हर डिस्कसकट पुण्यात दुरुस्तीला दिलाय, फोटो निघतील का ते सांगत नाहीत.
सरांनी सगळ्यांना उभं केलं. "हार कुणी घातला?"
"मी, सर," स्वा. लगेच.
"आणि कॉपी कुणी थांबवली?"
तोंड उघडणार तोच त्यांचा फोन वाजला, केबिनमध्ये गेले.
स्वा. माझ्या खोलीत आली. "तूच ना? सरांशी भांडायचं होतंस. पेशंटच्या फोटोंवर कसला राग?"
"तू बावधनला जाऊ नये म्हणून..."
  बाहेरून हाक आली, पेशंट आलाय. ती गेली. दारात जरा थांबली असं वाटलं. नसेलही.
केबिनमध्ये जाऊन सांगून टाकलं. कॉपी मी थांबवली, आणि हार बघूनही काढला नाही. खोलीची किल्ली टेबलावर ठेवली.
सर म्हणाले, "खाली बस आधी."
नाही बसलो. खोलीतनं बॅग उचलली. एसी बंद, सर्व्हरची जागा रिकामी, आत गार ठेवायला काही उरलं नव्हतं. तरी बाहेर पडलो आणि दार घट्ट ओढून घेतलं.