मुरुडच्या प्रयोगखोलीचे दार

मी, अमृतराव गुरुलिंग हालकुडे, वय एकोणसाठ, धंदा सेवानिवृत्त शिक्षक, राहणार मुरुड, तालुका लातूर, जिल्हा लातूर, आज हा कागद स्वहस्ते लिहून ठेवतो.

जिल्हा लातूर हे दोन शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिले. गेल्या रविवारपर्यंत आम्ही उस्मानाबादेत होतो, सोमवारी आमचा वेगळा जिल्हा झाला. गावात अजून पेढे वाटणे चालू आहे. माझे अक्षर हलले असेल तर त्याला वय कारण नाही, आठ दिवस मला आनंदाने झोप नाही. बुद्धी ठिकाणावर आहे, नशापाणी केलेले नाही, कोणाचा दबाव नाही. दबाव आणायचा प्रयत्न फक्त चिरंजीवाने केला, त्याचे पुढे येईल.

मी आजारी नाही. मृत्युपत्राची घाई एवढ्याचसाठी की परवा चिरंजीव विरूपाक्ष लातुराहून टेप घेऊन आला आणि माझ्या रस्त्याकडच्या खोलीचे माप घेऊ लागला. म्हणाला, "अप्पा, जिल्हा झाला. आता रोडवरल्या खोलीला लई भाव येणार. शटर बसवून देतो, दुकान किरायानं जाईल." त्या खोलीत मी पोरांना प्रयोग करू देतो. शटरखाली ती खोली गेली तर माझे सगळे शिकवणे गेले. म्हणून ही कलमे.

कलम १. राहते घर माझ्या पगारातून बांधलेले, स्वकष्टार्जित आहे. रस्त्याकडची खोली सोडून सर्व घर माझी पत्नी सौ. कमलम्मा हिचे. तिच्या पश्चात ते विरूपाक्षचे. शेत आजच विरूपाक्षच्या नावे करून देत आहे. तो पोरगा हिशेबी आहे, लोभी नाही, आणि त्याला काही कमी पडू नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

कलम २. कमलम्माच्या माहेरचा पितळी तांब्या. लग्नानंतर थोड्याच दिवसांत मी त्याला वरच्या अंगाला भोक पाडून चोच बसवून घेतली. त्यात काठोकाठ पाणी भरून दगड सोडला की दगडाच्या आकारमानाइतके पाणी चोचीतून बाहेर येते आणि मोजता येते. हजारो पोरे त्या तांब्यावर शिकली. कमलम्मा अजून पाहुण्यांना सांगते, "ह्यांनी माझ्या तांब्याचं नाक काढलं." तो मी तिला चोचीसह परत देत आहे. तिने तो खोलीत ठेवला तर माझ्या आत्म्याला बरे वाटेल, पण सक्ती नाही.

कलम ३. माझी समाधी. आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून समाधी देतात आणि सोबत मीठ घालतात. त्या मिठातले थोडे बाजूला काढून दुसऱ्या दिवशी पोरांना द्यावे. एका भांड्यात साधे पाणी, एकात मिठाचे, आणि दोन्हीत बटाटा. साध्या पाण्यात बटाटा बुडतो, मिठाच्या पाण्यात तरंगतो. पुस्तकात अंडे सांगितले आहे, परंतु आमच्या घरात अंडे चालत नाही, आणि निसर्गाला बटाटा चालतो. मी हे उर्दूत शिकलो. निजामाच्या राज्यात घनतेला कसाफत म्हणत आणि पदार्थाला माद्दा. नंतर मराठीत शिकवू लागलो, नावे बदलली, बटाटा मात्र तसाच तरंगला. तो वर येताना वर्गातून जो आवाज निघतो तो ऐकण्यासाठी मी इतकी वर्षे नोकरी केली. त्या दिवशी कोणी रडत बसू नये.

कलम ४. आता मुख्य विषय, त्या खोलीचा. त्यासाठी बहात्तरचा दुष्काळ सांगावा लागतो.

त्या वर्षी निम्मी शाळा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली होती. त्याआधी आमच्या शाळेला सरकारकडून विज्ञानपेटी आली होती: तापमापी, तराजू, चुंबक, काचेची भांडी, आणि एक मोठे भिंग. मुख्याध्यापक लिंबाजीराव भिसे यांनी पेटी कपाटात ठेवली आणि कुलूप घातले. मी मागायला गेलो की म्हणत, "फुटलं तर पगारातून कापतेत, अमृतराव. तुम्ही भरणार का?" मी भरतो म्हणालो तरी किल्ली जानव्यासारखी त्यांच्या अंगावरच. माणूस वाईट नव्हता, भ्यालेला होता. आधीच्या शाळेत एकदा तापमापी फुटली तेव्हा त्यांचा पगार खरेच कापला गेला होता, आणि घरात लग्नाच्या मुली होत्या.

साहेब तपासणीला येत तेव्हा पेटी टेबलावर मांडली जाई. पोरांनी हात मागे बांधून बघायचे. अशाच एका तपासणीत भिंग गेले.

ते नेले सातवीतल्या नागुबाई दगडोबा सरवदे हिने. ती आईबरोबर खडीवर होती, त्या दिवशी साहेबांसाठी म्हणून शाळेत बोलावली होती. दुसऱ्या दिवशी खडीचे काम बंद पडले. मुकादम शाळेत ओरडत आला. मी आणि लिंबाजीराव जाऊन बघतो तर माणसे हातोडे टाकून रांगेत उभी, आणि रांगेच्या टोकाला नागुबाई, एका हातात फुटका काळा दगड, दुसऱ्यात भिंग. मला म्हणाली, "गुरुजी, बघा तरी. दगडाच्या पोटात खडीसाखर हाय."

मी पाहिले. काळ्या दगडाच्या पोकळीत गारगोटीचे स्फटिक होते, एकेक कोन घासून केल्यासारखा. त्या दगडावरून मी जन्मभर चाललो होतो. पोटात अन्न नसलेली माणसे उन्हात रांग लावून पदार्थाचे गुणधर्म बघत होती, याहून मोठा वर्ग मी कधी पाहिला नाही. माझे डोळे भरून आले, आणि लिंबाजीरावांनी भिंग तिच्या हातातून काढून घेतले.

भिंग कपाटात गेले, नागुबाईचे नाव पटावरून गेले. मी भांडलो, सहा महिने त्यांच्याशी बोललो नाही, तेव्हा नाव परत लागले. पण गाव तिला भिंगचोर म्हणू लागले होते. ती बौद्धवाड्यातली नसती तर चोरी हा शब्द इतक्या लवकर कोणाच्या तोंडी आला नसता, हेही येथे लिहून ठेवतो. ती शिकली, शिक्षिका झाली, आज नांदेडकडे विष्णुपुरीजवळ धरणाच्या कामावरच्या मजुरांच्या पोरांना विज्ञान शिकवते. तरी मुरुडच्या बाजारात कोणी ना कोणी तिला त्या नावाने हाक मारतेच.

कलम ५. ती खोली मी गावातल्या पोरांसाठी ठेवत आहे. तिची देखरेख नागुबाईने करावी म्हणून आज तिला बोलावून घेतले आणि किल्ली तिच्यापुढे ठेवली. तिने हात लावला नाही.

"किल्ली नको, गुरुजी. मी नांदेडात, खोली मुरुडात. पोरं बाहेर उभी राहून कुलूप बघतेल. मग मी आन् हेडमास्तर सारखेच झालो की."

मी विचारले, मग करायचे काय. ती दाराकडे बघत राहिली. मीही दाराकडे बघितले. मास्तरकीत फार कमी वेळा शिष्य आणि गुरू एकाच क्षणी एकाच उत्तरावर येतात. आम्ही सुतार बोलावला.

सबब, खोलीचे सागवानी दार मी विरूपाक्षला देत आहे. माल उत्तम आहे, दुकानाला लावावे. ते आत्ता अंगणात काढून ठेवले आहे. यापुढे त्या खोलीला दार, शटर किंवा जाळी बसवायचा अधिकार कोणालाही नाही. कमलम्मा म्हणाली, "शेरडं शिरतेल आत." तिला गोणपाटाचा पडदा लावण्याची परवानगी आहे. वस्तू चोरीला जातील हे मला मान्य आहे. चुंबक पळवणारे पोर चुंबकाने काहीतरी ओढून बघेलच. सुट्टीत येऊन काय दुरुस्त करायचे, काय नवे आणायचे ते नागुबाईने ठरवावे.

कलम ६. मी निवृत्त झालो त्या वर्षी शाळेची विज्ञानपेटी निरुपयोगी म्हणून लिलावात निघाली. जिला कधी हात लागला नाही ती निरुपयोगी ठरली. बोली लावणारा मी एकटाच होतो. पेटीतल्या सर्व वस्तू खोलीत आहेत. त्यातले भिंग मी चि. नागुबाई दगडोबा सरवदे हिला तिच्या एकटीच्या मालकीचे म्हणून देत आहे. आजपासून ते कायद्याने तिचे आहे. कोणी विचारले तर हा कागद दाखवावा.

कलम ७. पेटीबरोबर कपाटाचे कुलूपही मला मिळाले. ते मी श्री. लिंबाजीराव भिसे यांना देत आहे. त्यांना त्याची सवय आहे.

पुरवणी. वरील मजकूर दुपारी समक्ष वाचायचा होता. साक्षीला दोघे सांगितले होते. पोस्टातले पंढरी आले, दुसऱ्यांची एसटी चुकली. तेवढ्यात अंगणात दार काढलेले बघून लिंबाजीराव काय झाले विचारायला आले. मी त्यांना कागद दिला. मनात होते, कलम सात वाचून चिडतील. थोडी मजा येईल. त्यांनी चष्मा लावून सगळे वाचले. कलम सहावर फार वेळ थांबले. नागुबाई समोर जमिनीवर बसून तराजू साफ करत होती.

"साक्षीला कमी कोण हाय?" त्यांनी विचारले.

"एकजण. पण तुम्ही चालणार नाही. ज्याला कागदातून काही मिळतं त्यानं साक्ष करू नये म्हणतेत."

"मग मला काही देऊ नका. कुलूप काढा त्यातून."

म्हणून कलम ७ रद्द. कुलूप खोलीत राहील. पोरांनी ते तराजूत तोलून, दोऱ्याला बांधून कमलम्माच्या तांब्यात सोडावे, बाहेर पडलेले पाणी मोजावे आणि कुलपाची घनता काढावी.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, साक्षीदारांसमक्ष बिनदाराच्या खोलीत बसून सही केले.

मुक्काम मुरुड, जिल्हा लातूर. दिनांक २२ ऑगस्ट १९८२.

(सही) अमृतराव गुरुलिंग हालकुडे

साक्षीदार:

१. (सही) पंढरी नरसिंग क्षीरसागर, पोस्टमन, मुरुड

२. (सही) लिंबाजीराव भिसे, सेवानिवृत्त मुख्याध्यापक, मुरुड. सहीसोबत एक ओळ माझ्या हाताने लिहितो: कलम सहा वाचले. भिंग नागुबाईचे आहे.