तरसाचा आडोसा

प्रिय ताई,

हे पत्र शनिवारच्या आत तुला मिळायलाच हवं. आई म्हणायची, याला चपला घेऊ नका, चाकं बसवा. पण या प्राणिसंग्रहालयात मी टिकलोय. इथला पोपट मला शिव्या देतो, त्याही मीच शिकवलेल्या. असो, सांगायचंय ते तरसाचं.

परवा तू परवान्याच्या तपासणीला आलीस. पिंजऱ्यामागची अंधारी खोली पाहिलीस आणि मला विचारलंस, हे दार दिवसभर उघडं असतं ना? जनावराला लोकांच्या नजरेआड जाता आलं पाहिजे, असा नियमच आहे. मी हो म्हणून मान डोलावली. तरस बाहेर, भिंतीकडे तोंड करून बसलं होतं. तू म्हणालीस, लपायला जागा असून बाहेर बसतं, म्हणजे निवांत आहे. आणि माझ्याकडे बघून हसलीस, धाकटा एकदाचा मार्गी लागला म्हणून.

ताई, ते दार मी तू यायच्या जरा आधी उघडलं होतं. एरवी सकाळी तरसाला बाहेर काढायचं आणि मागून कडी घालायची, हे माझंच काम. लोक कुरकुरतात, तिकीट काढून रिकामा पिंजरा बघायचा काय? मालक म्हणतात, जनावर दाखवायचा परवाना घेतलाय, लपवायचा नाही. सुरुवातीला तरस दार ओरबाडायचं. मग त्यानं नाद सोडला. म्हणून त्या दिवशी दार उघडं असूनही ते आत गेलं नाही. तू ज्याला निवांत म्हणालीस ना, ते हे.

काल मी कडी उपटून तळ्यात फेकली, मालकांना म्हटलं मोडली. दिवसभर दार सताड उघडं होतं. सहलीची पोरं जाळीवर हात आपटायला लागली, तसं तरसानं अंग आखडलं आणि वर पाहिलं. दाराकडे नाही, माझ्याकडे. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मालकांनी नवी कडी आणलीय. मी नाही म्हटलं तर दुसरा कुणी बसवेल. एरवी मी आतापर्यंत पुढच्या गावाची गाडी धरली असती. तू अजून परवान्यावर सही केलेली नाहीस, करूही नकोस. रविवारी न कळवता ये, गर्दीत उभी राहून बघ. मग मला तोच प्रश्न पुन्हा विचार. मालकांसमोर विचार.

तुझाच, या वेळी न पळालेला,
भिंगरी