करवंटीतले पाणी

वाताओने, सोलोर
२ डिसेंबर १९८७

ती. अग्नेसताईस,
धाकट्या योआकीमचा सा. न. वि. वि.

येथे सर्व क्षेम आहे असे लिहायची रीत आहे म्हणून लिहिले. तसे नाही. लुसियाचे दिवस भरत आले आहेत आणि तिचे पाय सुजले आहेत. लग्नाची अंगठी बोटातून निघत नाही. आई म्हणते, पहिलटकरणीला असे होतेच. आईने गावातली निम्मी बाळंतपणे केली आहेत, म्हणून मी गप्प बसतो.

धर्मशिक्षणाचा वर्ग नीट चालला आहे. नाताळाआधीचा आगमनकाळ असल्याने कुमारी मरियेचा धडा घेतला. काचेला तडा न जाता ऊन आत येते तसा प्रभू जन्मला आणि मरियेला कळ आली नाही, असे सांगितले. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांनी विचारले, का नाही आली? पुस्तकात तेवढेच होते. मी म्हणालो, तिच्यात पाप नव्हते म्हणून. म्हाताऱ्या खूश झाल्या. आई तर सगळ्यांत जास्त. घरी येऊन तिने ते लुसियाला पुन्हा पुन्हा ऐकवले.

आता काळजीची गोष्ट. मूल अडले की बाईच्या पोटात दोष अडला आहे, तो बोलून टाकेपर्यंत सुटका नाही, असे आपल्याकडे मानतात हे तुला माहीत आहे. मार्च-एप्रिलच्या उपासकाळात मी शिबिरासाठी मावमेरेला होतो. त्या दिवसांत दामी बोटवाला आमच्याकडे मासळी आणि मका देऊन जाई. बायका आता बोटांवर महिने मोजतात. लुसियाला मी काही विचारलेले नाही. विचारावे का? हे पत्रही दामीच्याच हाती देतो आहे, कारण गावात इंजिनाची बोट दुसरी नाही. पाकीट पेजेने नीट चिकटवले आहे.

शुद्धलेखनाची चूक दिसल्यास खूण करावी. रागावलीस तरी माया असू दे.

तुझा,
योआकीम बोली


लारांतुका
७ डिसेंबर

चि. योआकीम यास अनेक आशीर्वाद.

पाकीट इतकं चिकटवलं होतंस की अर्धं पत्र फाटलं. दामीला वाचायचं असतं तर त्यानं तुझं तोंड वाचलं असतं.

सुजलेले पाय आणि अडकलेली अंगठी हे ‘होतंच’ म्हणून सोडायचं नसतं. वारा पडलेला पहिला दिवस बघ आणि तिला इथं आण. आईला सांग, मी सांगितलंय. घरात नसलं तरी दवाखान्यात माझं ऐकतात.

तुझ्या धड्याविषयी. मरियेला कळ आली नाही हे आपण मरियेबद्दल म्हणतो. त्यावरून जिला कळ येते ती पापी, हा हिशेब तुला कुणी शिकवला? मी रोज बाळंतिणी बघते. भल्याभल्या अडतात आणि टवाळ पोरी हसत सुटतात. मागच्या बाकावर जाऊन एवढं सांगून ये. आणि आईनं रीत काढलीच तर ती अर्धी सांगू देऊ नकोस. दोष नवऱ्यालाही विचारायचा असतो.

विचारावं का म्हणतोस. मरियेच्या योसेफाचा धडा पुन्हा वाच. लग्नाआधीच तिला दिवस गेले होते, आणि मूल त्याचं नव्हतं. त्याला स्वप्नात देवदूत दिसला हे सगळ्यांना आठवतं. पण स्वप्न मागाहून पडलं. तिची चारचौघांत बेअब्रू करायची नाही हे त्यानं आधीच ठरवलं होतं, काहीच ठाऊक नसताना.

चुका नाहीत. असत्या तर मला बरं वाटलं असतं. लुसियाला माझा पापा, आणि पत्राऐवजी बोट येऊ दे.

तुझी,
ताई


वाताओने
१९ डिसेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

फादरचा निरोप आला म्हणून बाळ-बाळंतीण तुझ्यापाशी सोडून मी आणि आई काल परतलो. निघताना तू विचारलेस की आई माझ्याकडे पाहत का नाही, तेव्हा मी समुद्र खवळल्याचे निमित्त केले. आता लिहितो.

तुझे पत्र आले तेव्हापासून वारा होता. बोट निघेना. त्यातच कळा सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी उजाडले तरी मूल आडवेच. तेवढ्यात वारा पडला. मी म्हणालो, बोट काढू. पण आईने करवंटीत पाणी आणले होते. दोष बोलायचा, त्या पाण्यात बोट बुडवायचे आणि पाणी पोटाला लावायचे, म्हणजे मूल वाट धरते. आई म्हणाली, त्या पुरुषाचे नाव न बोलता हिला हलवलेस तर दोन्ही जीव समुद्रात जातील. आणि दामीच्याच बोटीत? शेजारच्या बायका लुसियाला म्हणत होत्या, मरियेला कळ नव्हती, तुला का आहे ते तुझे तुला माहीत. ताई, शब्द माझेच होते.

लुसिया माझ्याकडे पाहत होती. मीही तिच्या तोंडाकडे पाहत होतो आणि, खरे लिहितो, नाव येते का याची वाट पाहत होतो. ते तिला दिसले.

तेव्हा तुझे वाक्य आठवले. मला तर स्वप्न मागाहूनही पडायचे नव्हते. मी आईच्या हातून करवंटी घेतली, बोट बुडवले आणि म्हणालो, “दोष माझा आहे. मावमेरेला मी एका बाईकडे जात होतो. हिला आता कोणी काही विचारायचे नाही.” पाणीही मीच लावले. मग आईच उठून दामीला हाका मारत धक्क्याकडे धावली.

मी कोणत्याही बाईकडे जात नव्हतो. संध्याकाळी मी पाठांतर करी.

आता गाव म्हणते, योआकीम दोष बोलला म्हणून मूल वाचले. डॉक्टरांनी पोट उघडून काढले हे कोणी ऐकत नाही. म्हणजे खोटे बोलून मी ती रीत आणखी पक्की केली. चर्चमधले नाताळचे वाचन फादरनी काढून घेतले. वर्गाचे रविवारी ठरेल. खरे सांगितले तर सगळे परत मिळेल, पण करवंटी पुन्हा लुसियापुढे येईल.

ते जाऊ दे. बोटीत बसल्यापासून ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. ती परत येणार आहे का, एवढे विचारून लिही. बाळाला माझा पापा.

तुझा,
योआकीम


लारांतुका
२३ डिसेंबर

योआकीम यांना लुसियाचा नमस्कार.

ताईंनी तुमचं पत्र माझ्या उशाशी ठेवलं आणि म्हणाल्या, मी पोस्ट नाही, तूच उत्तर दे.

तुम्ही माझ्या तोंडाकडे कशासाठी पाहत होतात ते मला तेव्हाच कळलं. ते मी विसरणार नाही. अजून राग आहे. पण पाणी लावताना तुम्ही अर्धं माझ्या गुडघ्यावर सांडलंत. म्हणे बाईकडे जात होतो. तुम्ही बाईमाणसाला रस्ता विचारायलासुद्धा लाजता. कळा नसत्या तर मी हसले असते.

तुम्ही विचारलं नाहीत म्हणून सांगते. विचारलं असतं तर कधीच सांगितलं नसतं. मावमेरेला निघताना तुम्ही काळजीपोटी धक्क्यावरच्या प्रत्येकाला सांगत सुटला होतात, की माझ्या घराकडे लक्ष ठेवा. ऐकलं एकट्या दामीनं. तो मासळी दारात ठेवायचा आणि ओरडून सांगून जायचा. तुमच्या लक्षात नाही ना? माझ्या होतं.

गावाला खरं सांगायचं की नाही ते मी आल्यावर दोघं मिळून ठरवू. वर्ग राहिला तर मागच्या बाकाला मात्र सांगा, की लुसियाला कळ आली, फार आली. मरियेला आली नसेल. तरी बाळाला तिलाच गुंडाळावं लागलं, थंडीत, परक्याच्या गोठ्यात. आणि नवरा शेजारी होता.

वाचन काढून घेतलं ना, मग आम्ही आल्यावर घरी वाचा. ऐकायला आता एक माणूस वाढलाय. तो मध्येच रडेल, तुम्ही थांबू नका.

टाके सुकले की येईन. बोट दामीचीच पाठवा. आडबाजूला लावायची नाही. बाजाराच्या दिवशी, लख्ख उन्हात, सगळा गाव धक्क्यावर असताना उतरेन. आईंना पुढे उभं करा. पोर पहिल्यांदा त्यांच्याच हातात देणार आहे. दोन्ही हात रिकामे लागतील म्हणावं, करवंटी घरी ठेवून या.

लोभ आहे. तो वाढवायचं काम आता तुमच्याकडे.

तुमची,
लुसिया