उमेदवारीची सात वर्षं

अण्णा, तुम्ही गेल्यापासून मनातल्या मनात तुमच्याशी भांडतेच आहे. आज भांडायला बसलेले नाही. मी इथे अमेरिकेत काय शिकवते, ते तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. मध्ययुगातल्या युरोपातले कारागीर, त्यांचे संघ आणि उस्तादाच्या घरी सात-सात वर्षं उमेदवारी करणारी मुलं. वर्गात मी ठासून सांगते, की कसब हाती यायला एवढी वर्षं लागतच नव्हती. आधी उस्ताद खाऊ घालायचा, शिकवायचा. हात तयार झाला की उरलेल्या वर्षांत राबवून घ्यायचा. शिवाय तेवढा काळ शेजारी त्याचंच नवं दुकान निघायची भीती नाही. हे सांगताना डोळ्यांसमोर तुम्हीच असता.

बार्शीच्या आपल्या शिवणाच्या दुकानात काम शिकायला आलेला तो उमेदवार पोरगा चार वर्षं नुसती काजं-बटणं करत होता. कात्रीला हात लावू देत नव्हतात. मी कॉलेजात जात होते, शिंगं फुटली होती. गिऱ्हाइकांदेखत तुम्हाला म्हणाले, की पोराला फुकट राबवताय. तुम्ही मला घरी जायला सांगितलंत, बस्स. त्या दिवाळीला तुम्ही स्वतःच्या सदऱ्याचं कापड त्याच्यापुढे टाकलंत. पहिलं बेतणं मालकाच्या कापडावर, ही तुमची रीत. त्याने एक बाही आखूड कापली. आणि तुम्ही तोच सदरा घालून गावभर फिरताय, विचारेल त्याला सांगताय, आमच्या पोराने बेतलाय. मला मेलीला तेव्हा लाज वाटली होती.

आता माझ्या हाताखाली नागपूरची एक मुलगी पीएचडी करतेय. सातवं वर्ष. कॅलिफोर्नियात नोकरी ठरलीय, पण या सेमिस्टरला प्रबंध पुढे गेला नाही तर ती नोकरी हातची जाईल. तरी मी दर वेळी एखादं प्रकरण परत पाठवते. माझे वर्ग ती घेते, माझे पेपर ती तपासते. आज ऑफिसात आली आणि शांतपणे म्हणाली, "मॅम, नक्की काय कमी आहे, ते एकदा सांगाल?" मला एकही उणीव सांगता आली नाही. विचार करून कळवते म्हणाले आणि मॉरिसव्हिलला घरी येईपर्यंत गाडीत रडले.

आत्ता तिच्या प्रबंधाच्या मंजुरीचा फॉर्म सही करून पाठवला. तिने लगेच थँक्यू लिहिलं, तेच जास्त लागलं. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते: तिचा प्रबंध गेल्या उन्हाळ्यातच पूर्ण झाला होता. माझ्या प्रबंधापेक्षा चांगला आहे, अण्णा.