गवती चहाचा डबा

७ जुलै, सोमवार

वही, शिक्का, शाईची उशी, पेन्सिल. डब्यात एवढंच लागतं — प्रत्येक वस्तू वेगळ्या पिशवीत, पाणी शिरू नये म्हणून. पण आमच्या हवालदारांना एवढ्यात तयारी वाटेल तर शपथ! सकाळी बघते तर डब्यात शिट्टी, काडेपेटी, मीठ-साखरेची पुडी आणि दोन शेंगदाण्याचे लाडू.

म्हटलं, "अहो, लोक डोंगरावर हा डबा शोधतात, वहीत आपला शिक्का मारतात, डब्यातला शिक्का स्वतःच्या वहीत उठवतात, आणि होता तिथं लपवून निघून जातात. यात लाडू कुठं आला?"

"आन् भूक लागली तर?"

लाडू काढले. खाण्याचं ठेवलं की मुंग्या आणि माकडं आधी पोचतात.

९ जुलै, बुधवार

शिक्का कोरला. मोठ्या खोडरबरावर मांजर काढायला घेतलं, निघाली घूस. एक डोळा मुद्दाम कोरला नाही. समीक्षाला आमचा काणा बोका आठवावा. बाकीच्यांना घूस दिसली तर दिसू दे.

दिवाळीपासून ती पुण्याहून आलेली नाही. बँकेची नोकरी सोडून हे शिक्के कोरत, डबे शोधत हिंडायला लागली, तेव्हा पाहुण्यांसमोर हे म्हणाले, "पोरखेळ हाय नुसता. नाक कापलं माझं." त्याच संध्याकाळच्या गाडीनं गेली. फोन उचलते, "बरी आहे" म्हणते, ठेवते. मला माझी पोरगी पाहिजे, आणि दुसरा रस्ता दिसेना. म्हणून तिच्या त्या डबेवाल्या ग्रुपात 'गवती चहा' या नावानं शिरले. तिला पत्ता नाही.

१० जुलै

काय म्हणावं या माणसाला! मी बाजारात गेले तेवढ्यात झाकणावर पांढऱ्या रंगानं — माजी हवालदार जयराज मोहिते, घराचं नाव, विश्रामबाग, सांगली. वर फोन नंबर. "फौजेत नावाबिगर पेटी हलत न्हाई," म्हणे. लपवायच्या डब्यावर घरचा पत्ता! घासायला घेतलं तर प्लास्टिक पांढरं पडलं, नाव जसंच्या तसं. शेवटी वर कागद चिकटवला.

१३ जुलै, रविवार

दंडोबाच्या डोंगरावर डबा ठेवून आलो, वाकड्या लिंबामागच्या दगडांत. हे पहारा द्यायला थांबणार होते, ओढून आणलं. ग्रुपवर खूण टाकली. रात्री समीक्षाचं उत्तर: "मी पुढच्या रविवारी सकाळी जाते. तिथूनच परत पुण्याला."

घरी येईन असं नाही. नसू दे. निदान मी कोरलेलं हातात तरी घेईल.

१६ जुलै

डबा घरी!! जोतीराम नावाचा एक तरणा धनगर मोटारसायकलवरून घेऊन आला. "आवं मावशी, डबा इसरलासा डोंगरावर. आईला मेंढरं चारताना घावला." माझा कागद पावसानं कधीच गळून पडलेला. आत गच्च मटकी! वही-शिक्का वेगळ्या फडक्यात नीट बांधून. "रिकामा कसा द्यायचा म्हनून आईनं भरला."

त्याला सगळं समजावलं. डबा तिथंच असू द्यायचा असतो. "व्हय व्हय," म्हणाला, चहा प्याला. मी पण त्याला रिकाम्या हातानं नाही पाठवलं, चकल्या दिल्या.

१७ जुलै

पुन्हा ठेवून आलो. आता खरंच कुणी हात लावू नये.

२० जुलै, रविवार. सकाळी दहा.

दारात एक म्हातारी. हातात डबा.

"दुसऱ्यांदा इसरला बाई! वय झालं म्हनायचं आता तुमचं." ही हरणाबाई, जोतीरामची आई. जोतीरामनं तिला काही म्हणजे काही सांगितलेलं नाही! मिरजेला लेकीकडं निघाली होती, वाकडी वाट करून आली. डब्यात या वेळी हुलगे. तिच्यासमोर हसले, चहा केला, ती गेली आणि मग मोरीत जाऊन रडले.

आत्ता समीक्षा डोंगरावर असेल. दगड उचलून बघत असेल. तिथूनच परत जाईल. हे स्कूटरला लाथा मारतायत, ती सुरू होत नाही. "माझ्यामुळं झालं," एवढंच म्हणाले. मी नाही म्हटलं नाही.

तोच दिवस. दुपार.

बेल वाजली. समीक्षा!

डोंगरावर मेंढरांमागं जोतीराम होता. त्याला डब्याचं विचारलं तर म्हणाला, "त्यो व्हय? त्यो फौजीच्या घरी ऱ्हातो," आणि झाकणावरचा पत्ता तोंडपाठ सांगितला.

चपला काढून आत आली. ह्यांनी शाईची उशी तिच्यापुढं सरकवली, बाजूला लाडवांची ताटली ठेवली. म्हणाले, "भूक लागली असंल."